सासूबाईंचा ठपका आणि टी३१५आय

प्रश्न: माझ्या नवऱ्याला सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आहे. इमॅटिनिबच्या गोळ्यांवर ४ वर्षं छान गेली. आता रिपोर्ट बिघडलेत आणि तपासणीत ‘टी३१५आय’ म्यूटेशन निघालंय. मध्यंतरी त्यांनी काही गोळ्या चुकवल्या होत्या. सासूबाई म्हणतात, मी लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं. हे मुलांमध्येही उतरेल का, या विचाराने माझी झोप उडालीय.

उत्तर: आधी मुलांचं बोलू. नाही उतरणार. म्यूटेशन म्हणजे जनुकातला बदल, आणि हा बदल तुमच्या यजमानांच्या कॅन्सरपेशींत झालाय, तो जन्मासोबत आलेला नाही. मुलांची यासाठी तपासणीही करायला नको.

आता ठपक्याचं. सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन पेशींना वाढतच ठेवतं. इमॅटिनिब त्याच्या एका खाचेत बसून ते बंद पाडते. त्या खाचेत, प्रथिनाच्या ३१५व्या जागी, थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, की गोळीला तिथे बसताच येत नाही. मग बाकीच्या पेशी मरतात आणि हा बदल झालेल्या पेशीचं फावतं. तणनाशकाला दाद न देणारं तण रान धरतं ना, तसं. गोळ्या चुकवल्या तर आजार डोकं वर काढतो, हे खरंच. पण नेमाने गोळ्या घेणाऱ्यांतही टी३१५आय निघतो. तुमच्याकडे नेमकं काय झालं, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत. (नवऱ्याच्या गोळ्यांचा हिशेब बायकोनेच का ठेवायचा, हे मी सासूबाईंना विचारलं असतं.)

चुकलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांपासून लपवू नका. त्यावर पुढचे निर्णय ठरतात.

टी३१५आयपुढे डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब या सीएमएलच्या दुसऱ्या गोळ्याही चालत नाहीत, म्हणून ‘दुसरी एखादी गोळी बघू’ एवढ्यावर समाधान मानू नका. पोनॅटिनिब चालते, पण तिने रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बीपी, शुगर, हृदयाचं जुनं दुखणं, सिगारेट, सगळं आधी सांगा. असिमिनिब प्रथिनाच्या वेगळ्याच भागाला धरते, म्हणून तीही लागू पडते, फक्त या म्यूटेशनसाठी तिचा डोस बराच मोठा असतो. आजार कुठल्या टप्प्यात आहे आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार आत्ताच करायचा का, हेही विचारा.

पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या. ‘गोळ्या चुकल्या म्हणूनच झालं का?’ हे त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे.