वकीलताईंना विचारा: लायसन्स दादाचं, चौकशी दोघांची

प्रश्न: वकीलताई, माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा आहे. पुण्यात होस्टेलवर राहून बारावी करतोय. मागच्या शनिवारी तो मित्रांबरोबर मुंढव्याच्या एका पबला गेला आणि गेटवर माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचं, म्हणजे त्याच्या २३ वर्षांच्या चुलतभावाचं, ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. बाउन्सरनं लायसन्सवरचा ब्लड ग्रुप विचारला, तो ह्याला सांगता येईना. त्यांनी लायसन्स काढून घेतलं आणि पोलिसांना बोलावलं. रात्री आम्हाला फोन आला, आम्ही सांगलीहून पहाटे पोचलो. पोलिसांनी 'चूक झाली, पुन्हा करणार नाही' असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि त्याला आमच्या ताब्यात दिलं. आता पुतण्याला जबाबासाठी बोलावलंय. जाऊबाई म्हणतात, त्यानं 'माझं पाकीट चोरलं' असं सांगून मोकळं व्हावं. म्हणजे माझ्या पोराला चोर ठरवायचं का? त्याला एनडीएत जायचंय. त्याच्या नावावर हे कायमचं राहणार का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, तुम्हाला झोप लागत नसेल ती मुलापायी, पण मला जास्त काळजी तुमच्या पुतण्याची वाटतेय. मुलगा १८ च्या आत आहे. त्याच्यासाठी कायद्यानं परतीची वाट मुद्दाम मोकळी ठेवली आहे. २३ वर्षांच्या माणसाला ती वाट नाही.

आधी मुलाचं बघू. दुसऱ्याचं नाव लावून कोणाला फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. आकडा वाचून घाबरू नका, तो प्रौढांसाठी आहे. तुमच्या मुलाचं प्रकरण पुढे गेलंच, तर ते जाईल बाल न्याय मंडळापुढे. पुण्याचं मंडळ येरवड्याला बसतं. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांतली एक तरी स्त्री. पोलिसांनी तिथं साध्या कपड्यांत यायचं असतं, बेड्या घालायच्या नसतात, मुलाला कोठडीत टाकायचं नसतं. अशा प्रकरणात मंडळ सहसा समज देतं, समुपदेशनाला पाठवतं किंवा काही तास समाजसेवा करायला लावतं. दंड लावलाच तर तो भरायला मंडळ मुलाला किंवा पालकांना सांगू शकतं. माझ्या मते तो मुलाच्या पॉकेटमनीतून हप्त्यानं वसूल करायला हरकत नाही, पण हे कायद्यात नाही, मीच सांगतेय.

त्यानं जे लिहून दिलंय त्याचं फार मनावर घेऊ नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण ठाण्यात जाऊन एवढं जरूर विचारा: आमच्या मुलाची नोंद नेमकी कशात झाली? स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, की एफआयआरमध्ये? हा प्रश्न मी सगळ्या पालकांना विचारायला लावते आणि बहुतेक जण तो न विचारताच घरी येतात, 'साहेब चांगले होते' एवढंच सांगतात. साहेब चांगले असतीलही. नोंद कशात आहे ते कळायलाच हवं.

कारण असं. बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे अल्पवयीन मुलावर सरसकट एफआयआर दाखल करायचा नसतो. गुन्हा अतिगंभीर असेल किंवा तो प्रौढाबरोबर मिळून केलेला असेल, तरच. एरवी डायरीत नोंद घेऊन मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. आता बघा, तुमच्या मुलानं रस्त्यात सापडलेलं लायसन्स दाखवलं असतं तर गोष्ट डायरीवर भागली असती. दादानं स्वतः दिलं म्हटल्यावर 'प्रौढाबरोबर मिळून' हे लागू होऊ शकतं. घरातलाच माणूस, म्हणून सगळ्यांना ते निरुपद्रवी वाटलं. कागदावर तेच जड जातं.

एनडीएचं म्हणाल, तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ स्पष्ट आहे: अशा प्रकरणातल्या दोषसिद्धीमुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक काळानंतर ती कागदपत्रं नष्ट करायची असतात. कलम ७४ प्रमाणे, निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी देखील द्यायची नसते. २०१९ मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हेच उचलून धरलं होतं: अल्पवयात दाखल झालेलं प्रकरण नोकरीच्या आड आणता येणार नाही. पडताळणीचा फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा मात्र एखाद्या वकिलाला दाखवून भरा. फॉर्ममधला प्रश्न नीट न वाचता दिलेलं उत्तर मूळ भानगडीपेक्षा जास्त नडतं.

आता पुतण्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६ मध्ये सरळ म्हटलंय की आपलं लायसन्स दुसऱ्या कोणाला वापरू द्यायचं नाही. पबसाठी दिलं होतं, गाडीसाठी नाही, ही सबब तिथं चालत नाही. शिवाय त्यानं जाणूनबुजून दिलं असेल, तर फसवणुकीला मदत केली म्हणून त्याच्यावर न्याय संहितेच्या त्याच कलम ३१९ खाली कारवाई होऊ शकते. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे आत बसायची वेळ सहसा येत नाही. पण खटला कोर्टात उभा राहिला, तर पासपोर्ट अडकतो. कंपनीची पडताळणी अडकते. कलम २४ चं छत्र त्याच्या डोक्यावर नाही.

म्हणून जाऊबाईंना तुमच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून सांगा: 'पाकीट चोरलं' हे वाक्य त्या पोरानं उच्चारू नये. तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये 'दादा, शनिवारपुरतं लायसन्स दे ना' असा एखादा मेसेज असणारच. खाली दादाचा अंगठाही असणार. तो उघडला की खोटी माहिती दिल्याचा वेगळा गुन्हा पुतण्यावर येतो, आणि मघाशी बोलले ती जामीनपात्र गोष्ट साधी राहत नाही. त्यानं पोलिसांकडून लेखी नोटीस मागावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) मध्ये तशी सोय आहे. नोटीस मिळाली की वकील बरोबर घेऊन, दिलेल्या वेळेला जावं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नाही. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत फार अंतर आहे. आणि तुम्ही दोघी जावांनी वकील एकच करू नका. आज दोघांचं हित एक दिसतंय, उद्या एकाला वाचवायला दुसऱ्याकडे बोट दाखवायची वेळ आली की त्या वकिलाची पंचाईत होते.

पबवाल्यांनी थेट पोलिसांना का बोलावलं, ह्याचा तुम्हाला राग आला असेल. १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची पोर्शे दुर्घटना आठवा. दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो पबमध्ये बसला होता. त्यात मुलाच्या वडिलांबरोबर पबचे मालक-मॅनेजरही अटकेत गेले. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तेव्हापासून गेटवरचा माणूस आपली नोकरी आणि मालकाचं लायसन्स सांभाळतो. 'आम्ही कार्ड तपासलं, पकडलं, कळवलं' हा त्याचा बचाव. मला विचाराल तर तुमचा मुलगा गेटवर अडकला हे बरंच झालं. आत जाऊन पिऊन कोणाच्या गाडीत मागं बसला असता, तर हे पत्र वेगळं असतं.

लायसन्स जप्त झालं असेल, तर त्याची पावती किंवा पंचनाम्याची प्रत मागा. पबवाल्यांनीच ठेवून घेतलं असेल, तर तो त्यांचा अधिकार नव्हे. पोलिसांना तसं लेखी कळवा.

प्रश्न: माझ्या मुलीच्या (१६) मैत्रिणीनं सगळ्यांच्या आधारच्या फोटोवर जन्मसाल मोबाइलवरच बदलून दिलं, ३१ डिसेंबरच्या पार्टीसाठी. माझ्या मुलीनं ते वापरलं नाही, पण तिच्या फोनमध्ये आहे. काळजी करू का?
— एक वडील, ठाणे

उत्तर: करा. वरच्या पत्रातलं लायसन्स खरं होतं, फक्त दुसऱ्याचं होतं. हे बनावट दस्तऐवज तयार करणं झालं. फसवणुकीसाठी बनावट कागद केला तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो गुन्हा अजामीनपात्र. मुली अल्पवयीन आहेत, त्यामुळे प्रकरण मंडळाकडेच जाईल, पण वजन वेगळं पडतं. आणि ही युक्ती चालतही नाही. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये खरी जन्मतारीख आणि फोटो दोन्ही असतात, स्कॅन केलं की चोरी उघडी. मैत्रिणीच्या आईवडिलांशी आजच बोला. मुलीसमोर नको.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे. मित्राचं आधार दाखवून पबमध्ये जातो, पण दारू पीत नाही, कोकच घेतो. तरी गुन्हा?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: तुमचं वय सगळ्यांत वाईट. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ पूर्ण लागतात, म्हणजे बारच्या हिशेबानं तुम्ही अजून लहान. फौजदारी कायद्याच्या हिशेबानं मोठे. मंडळ नाही, कागद नष्ट होणं नाही, सरळ पोलिस ठाणं आणि कोर्ट. ग्लासात काय होतं हा प्रश्न नंतरचा. गेटवर नाव कोणाचं सांगितलं हा पहिला. कोक प्यायलात हे शिक्षा ठरवताना कामी येईल, गुन्हा पुसायला नाही. मित्राचाही विचार करा. आत कधी मारामारी झाली आणि पबनं नोंदीतली नावं पोलिसांना दिली, तर तुम्ही घरी झोपलेले असाल आणि पोलिस त्याच्या दारात उभे असतील. आधार आजच त्याला नेऊन द्या.