प्रागला दीडच दिवस आहे, जुन्या वास्तूंपैकी काय चुकवू नये?
पहाटे उठून आधी चार्ल्स ब्रिज गाठा, १३५७ ला काम सुरू झालेला दगडी पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, उशिरा गेलात तर मुंगी शिरायला जागा नसते. मग वर किल्ल्यात सेंट व्हायटस कॅथेड्रल, १३४४ ला पाया घातला आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये, आपले रखडलेले फ्लायओव्हर बरे म्हणायचे 😀 आत डावीकडे चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचांची खिडकी आहे तिथे जरा थांबा. ओल्ड टाऊनमधलं १४१० चं घड्याळ फेमस आहे, तासाच्या ठोक्याला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य डोकावून जातात, शेवटी कोंबडा आरवतो, पण लोक मोबाइल सरसावेपर्यंत खेळ खल्लास, म्हणून पाच मिनिटं आधीच जागा धरा.