लग्न नाही, तर निदान सिव्हिल युनियन?

देवगडकडच्या एका वाडीतल्या, एकमेकींच्या जोडीदार असलेल्या दोघी समुपदेशनाला आल्या (ओळखू येऊ नयेत इतके तपशील बदलले आहेत). धाकटीने वडिलांच्या कलमांच्या बागेत स्वतःच्या पैशांनी घर बांधलेलं. थोरलीचा प्रश्न होता, "लग्न होत नाही, मान्य. पण ते सिव्हिल युनियन तरी? की लंडनला जाऊन करून यायचं?"

सिव्हिल युनियन म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याला कायद्याने दिलेली मान्यता. भारतात तेही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा मूलभूत हक्क पाचही न्यायमूर्तींनी नाकारला, युनियनचा ३ विरुद्ध २ मतांनी. लंडनचा दाखला आणला तरी इथे त्यावरून वारसा मिळत नाही.

लग्न झालं की वारसा, कर, पोटगी, दत्तक सगळे कायदे आपसूक लागू होतात. युनियनला तिचा कायदा लिहून देईल तेवढंच. ब्रिटनची २००५ पासूनची सिव्हिल पार्टनरशिप जवळजवळ लग्नाइतकी भरभक्कम. फ्रान्सच्या १९९९ च्या 'पाक्स' या जोडीदारांच्या करारात मृत्युपत्राशिवाय वारसा नाही, आणि एकाने कळवलं तरी करार मोडतो.

थोरलीची खरी भीती वेगळीच होती. धाकटीला काही झालं तर तिचे भाऊ आपल्याला खळ्यातसुद्धा उभं करणार नाहीत.

खात्याला नॉमिनी लावलंय म्हणून दोघी निर्धास्त होत्या. इथेच बहुतेक जोडपी फसतात. समलिंगी जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय; पण नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो, मालकी वारसाची. मृत्युपत्र नसेल तर मूलबाळ नसलेल्या अविवाहित हिंदू स्त्रीची स्वकमाई आईवडिलांकडे जाते, वडिलांकडून आलेली जमीन वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे भावांकडेच!

म्हणून मृत्युपत्र. सही दोन साक्षीदारांसमोर, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी भांडण दिसत असेल तर करावीच. बक्षीसपत्राचा मोह टाळावा: राहत्या घरासाठी पती-पत्नीला असलेली २०० रुपये मुद्रांकाची सवलत इथे नाही, शिवाय ५०,००० रुपयांवरच्या भेटीवर घेणारीला कर. घराचं आणि जमिनीचं वेगवेगळं लिहावं. सामाईक जमिनीत आपल्या हिश्शापुरतंच देता येतं, आणि घेणारी शेतकरी नसेल तर शेतजमिनीला अडचण येऊ शकते. ते कलम वकिलाकडूनच लिहून घ्यावं.

पुढच्या खेपेला दोघी सातबारा घेऊन आल्या. त्यावर अकरा नावं, वारलेल्या वडिलांचंही. धाकटीचं अजून चढलेलंच नव्हतं. मृत्युपत्र बाजूला ठेवून आधी वारस नोंदीचा अर्ज घेऊन त्यांना तलाठ्याकडे पाठवलं.