चिप फॅक्टरीत वापरलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड शुद्ध करून परत चिपसाठीच वापरता येतं का?

येतं, पण वाटतं तितकं सोपं नाहीये. वेफर (ज्यावर चिप बनते ती सिलिकॉनची चकती) धुवायला सल्फ्युरिकमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, त्यामुळे वापरून झालेलं अ‍ॅसिड पाण्याने पातळ झालेलं असतं आणि त्यात उरलेलं पेरॉक्साइडही असतं, ते आधी मोडावं लागतं नाहीतर पुढे गरम करताना धोका. मग पाणी उडवायचं आणि अ‍ॅसिड डिस्टिल करायचं, धातूंची घाण बरीचशी खाली राहते. सल्फ्युरिक साधारण ३३७ अंशांना उकळतं म्हणून व्हॅक्यूम लावतात, कमी तापमानात काम होतं. खरी डोकेदुखी म्हणजे चिपसाठीच्या अ‍ॅसिडमध्ये धातू अब्जात एक भागापेक्षाही कमी असावे लागतात, आणि इतक्या गरम अ‍ॅसिडला स्टील चालतच नाही, क्वार्ट्झ वगैरे लागतं. म्हणून बरेचदा ते सांडपाणी प्रक्रियेसारख्या हलक्या कामालाच जातं.