दबावामुळे मॅनेजरचं पर्यावरणाबद्दलचं मत खरंच बदलतं का?

बदलतं, पण दबाव कुणाचा यावर सगळं आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी येणार म्हटल्यावर मॅनेजरच्या लेखी पर्यावरण म्हणजे संमतीपत्र. कागद पूर्ण, विषय संपला. पण वाहन कंपनीचा ग्राहक आयएसओ 14001 हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मागतो तेव्हा तोच माणूस साच्यांची जळकी वाळू कुठं जाते, भट्टीला युनिट किती लागतात हे बघायला लागतो. ऑर्डर त्यावर असते ना! आणि आकडे रोज डोळ्यांसमोर आले की खर्च वाटणारी गोष्ट बचत वाटू लागते. मत बदलतं ते इथं. सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी मांडणारा अहवाल सक्तीचा केलाय, त्यामुळं असे प्रश्न पुरवठादारांपर्यंतही झिरपतात.

मिचेल, ॲगल आणि वुड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1997 मध्ये मांडलं की ज्याच्याकडं ताकद, न्याय्य हक्क आणि तातडी तिन्ही असतात, त्याचं मॅनेजर आधी ऐकतो. कोल्हापुरातल्या पंचगंगा नदीकाठच्या गावांकडं हक्कही आहे, तातडीही आहे. मेलेल्या माशांचा खच बघितलेल्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. कमी पडते ती ताकद.

मला सर्वात जास्त खुपतं ते सहकारी साखर कारखान्यांचं. तिथला सभासद मालकही आहे आणि नदीचं पाणी वापरणाराही. म्हणजे ताकद हातात आहे! तरी वार्षिक सभेत ऊसदरावर जेवढं रान उठतं, तेवढं सांडपाण्यावर उठत नाही. पुढच्या सभेत तो प्रश्न लेखी द्या.