बेळगावच्या आमच्या ऑफिसात कोण नोकरी सोडणार, हे मॉडेलवरून आधी कळेल का?

आयबीएमच्या एचआर डेटासेटवर (कर्मचाऱ्यांच्या माहितीच्या तक्त्यावर) तयार केलेलं मॉडेल 84 टक्के बरोबर येतंय, ते उद्यमबागेतल्या 80 जणांच्या ऑफिसला लावू का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. त्या डेटासेटमध्ये 1470 जण आहेत, त्यातले 237 सोडून गेलेले. म्हणजे ‘कुणीच जाणार नाही’ असं डोळे झाकून म्हटलं तरी 84 टक्के येतातच! शिवाय तो डेटा काल्पनिक आहे, आयबीएमनेच बनवलेला. गेलेल्यांपैकी किती जण मॉडेलला आधी सापडले आणि किती जणांवर उगाच शिक्का बसला, ते बघा.

मी इथेच एका कंपनीत एचआर बघतो. 80 माणसांत ‘कोण’पेक्षा ‘कधी’ हे शोधणं जास्त जमतं. जुन्या रजिस्टरमधून प्रत्येकाची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख काढा, माणूस किती काळ टिकतो आणि कधी सोडतो हे मोजणारं सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस करा. आज कामावर असलेल्यांना ‘न सोडणारे’ धरू नका, त्यांचा हिशोब अजून चालू आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, त्यामुळे साडेचार वर्षं झालेला माणूस सहसा कळ काढतो. पुढचं सांगायला नको. दिवाळीचा बोनस खात्यात पडल्यावरचे राजीनामेही तुम्ही बघितले असतीलच.

लोक नोकरी का सोडतात यावर संशोधन करणाऱ्या मिचेल, ली आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रश्नच उलटा केला: माणूस टिकतो कशामुळे? आपल्याकडे हे चांगलंच लागू पडतं. खानापूरहून रोज येणारा अकाउंटंट घ्या. घरची भातशेती, म्हातारे आईवडील, पोरं तिथल्याच शाळेत. पुण्याची दीडपट पगाराची ऑफरही तो चार दिवस उशाशी घेऊन झोपेल. टिळकवाडीत रूम करून राहणारा डिझाइन इंजिनिअर तेवढ्याच पगारावर आहे, ओव्हरटाइमही तेवढाच, पण तो बॅग भरून मोकळा. डिस्पॅचमधल्या मुलीचं लग्न कोल्हापुरात ठरलंय हे अख्ख्या कँटीनला माहीत असतं, तुमच्या एक्सेलला नसतं. आणि असू पण नये; लोकांच्या घरच्या गोष्टींचे कॉलम करू नका, सरळ बोला त्यांच्याशी.

यादी केलीच तर डिपार्टमेंट हेडच्या हाती देऊ नका. ‘हा जाणारच आहे’ म्हणून ट्रेनिंगमधून नाव कापतात, इन्क्रिमेंट अडवतात. मग तो खरंच जातो, आणि मॉडेल बरोबर निघालं म्हणून साहेब खूश.