मोफत उपचार आणि बाहेरची चिठ्ठी

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरला पैसे पडत नाहीत, डॉक्टरही आस्थेने तपासतात. पण औषधांच्या खिडकीवर सातच दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि उरलेल्या ‘बाहेरून घ्या’ म्हणून चिठ्ठी हातात पडते. सरकारी दवाखाना गरिबांसाठी खरोखर उरला आहे का?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : उरला आहे, आणि तो टिकावा म्हणूनच तुमची तक्रार मला मोलाची वाटते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले, हा निर्णय चांगलाच होता. मात्र गोळ्या आठवड्यापुरत्याच मिळाल्या, तर महिन्याला चार खेपा होतात. दर खेपेचे एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी धरली, तर मोफतची गोळी विकतच्या गोळीपेक्षा महाग पडते. मग रुग्ण दिवसाआड गोळी घेऊ लागतो आणि एक दिवस ती सोडूनच देतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते मुख्यतः रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांपुरते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहून मूत्रपिंडे निकामी झाली, तर डायलिसिसचा खर्च ही योजना उचलते. ती मूत्रपिंडे वाचवणारी रोजची गोळी मात्र तिच्यात बसत नाही, ती रुग्णालयाच्या साठ्यातूनच यावी लागते. माझ्या मते अन्याय नेमका इथे आहे. खिडकीमागच्या फार्मासिस्टशी भांडून काही साधत नाही. साठाच अपुरा आला, तर तो बिचारा सगळ्यांना पुरवून पुरवूनच देणार.

तुमच्या हातातली चिठ्ठी फेकू नका. तिची झेरॉक्स जोडून वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, रुग्णालयाच्याच रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करण्याची मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या. दाद न लागल्यास 104 या आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तोवर वडिलांच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका. जवळ जनऔषधी केंद्र असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याच घटकाच्या गोळ्या तिथून घ्या. त्या पुष्कळ स्वस्त पडतात.